बसा म्हटलं की बसतात

माणसाने मरणावर विजय मिळवला तो गेल्या मार्गशीर्षात, हिंजवडीच्या रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये.

सहा एअरबॅगा. चारी बाजूंना कॅमेरे. कोणी आडवं आलं तर स्वतःहून थांबणारे ब्रेक. "काका, या गाडीत फॅमिलीला काही म्हणजे काही होऊ शकत नाही," टाय लावलेला विक्रेता म्हणाला, आणि खात्री पटावी म्हणून त्याने दार जोरात लावलं.

जयसिंगराव कंधाऱ्यांचं बोट मध्ये होतं.

ही गोष्ट खरी आहे. बोटही खरं आहे, त्याचं नख अजून काळं आहे. गाडी हिंजवडीपलीकडच्या चांदे गावात, त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. ज्याला शंका असेल त्याने खुशाल जाऊन पाहावी. बाहेरूनच पाहावी.

त्या दिवशी अमावस्या होती. गाडी घेऊन जयसिंगराव माले गावच्या शेताकडे निघाले ते चारच्या सुमारास. सोबत नात आरोही, वय वर्षं पाच, मागच्या डाव्या सीटवर पट्ट्यात घट्ट बांधलेली. मुलगा दिग्विजय आणि सून मेधा ऑफिस सुटलं की मोटरसायकलवरून थेट शेतावर येणार होते.

अमावस्येला नवी गाडी कशाला, असं शेजारी म्हणाले. पण कंधाऱ्यांच्या घरात नव्या वाहनाला मुहूर्त नसतो, रीत असते.

रीत अशी. मालेच्या शिवेवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. त्याला राखणदार म्हणतात. नवं वाहन तिथे थांबवायचं. चपला काढायच्या, हात जोडायचे आणि म्हणायचं, "बसा देवा. गाडीची राखण करा." मग मोकळी जागा दाखवायची, आणि सावकाश शेताच्या बांधापर्यंत जायचं. तिथे म्हणायचं, "उतरा देवा." नारळ फोडायचा. संपलं.

जयसिंगरावांचे वडील हैबतराव यांनी बैलगाडीला हे केलं, ट्रॅक्टरला केलं. मोटरसायकल घेतली तेव्हा तर मागची सीट रिकामी ठेवून ते असे खड्डे चुकवत आले होते, की मागे नवी नवरी बसलीय असं वाटावं.

पिढ्यानपिढ्या सगळे 'बसा' म्हणत आले. कोणी खरंच बसायचं का, हे कळायची सोय मात्र कोणत्याच वाहनात नव्हती.

या गाडीत होती.

शिवेवर जयसिंगरावांनी पुढचं डावं दार उघडून धरलं. हात जोडले. "बसा देवा. गाडीची राखण करा."

तेवढ्यात मागून आरोहीने विचारलं, "आजोबा, कोणाला बोलावताय?"

नातीचं ते गोबरं तोंड पाहिलं, आणि म्हाताऱ्याला भरून आलं. रीतीत नसलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं.

"आनि देवा... पोरीची बी राखण करा."

त्यांनी दार लावलं. वळसा घालून स्टिअरिंगमागे बसले. गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

"कृपया सीटबेल्ट लावा," गाडीतली बाई म्हणाली. दिग्विजयने तिला मराठीवर लावून दिली होती.

जयसिंगरावांनी आपला पट्टा चाचपला. लागलेला होता. आरोहीचाही लागलेला होता.

पडद्यावर माणसाचं लाल चित्र लुकलुकत होतं. पुढची डावी सीट.

सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, नारळ नाही. नारळ डिकीत होता.

वर छताजवळ एक बारीक दिवा लागला. प्रवाशाची एअरबॅग चालू. कोणी बसलं तरच लागतो तो.

टिंग... टिंग... टिंग...

"कृपया सीटबेल्ट लावा."

जयसिंगराव भित्रे नव्हते. वैतागलेले होते. कच्च्या रस्त्यावर गाडी हळू चालवत, समोर बघतच ते म्हणाले,

"अहो देवा, लावा की तेवढा पट्टा. बाई ऐकंना झाली."

डाव्या कानाशी काहीतरी सरसरलं...

खट्.

टिंगटिंग थांबली.

बराच वेळ त्यांनी मान वळवली नाही. मग वळवली.

पट्टा लागला होता. पण सीटला टेकलेला नव्हता. हवेतच फुगून होता... चांगल्या भरल्या पोटावरून जातो तसा. आणि तो सावकाश वर होत होता, खाली होत होता.

श्वास घेतल्यासारखा.

"आजोबा," आरोही खुदकन हसली, "यांना किती केस आहेत!"

बांध आला. घाईघाईत गाडी थांबवून जयसिंगराव खाली उतरले. किल्ली आत, फोन चार्जिंगला आत. पलीकडे जाऊन दार उघडायचं आणि 'उतरा' म्हणायचं, एवढाच विचार.

ते गाडीच्या नाकासमोर पोचले, आणि...

खटाक्.

चारी दारं एकदम लॉक झाली. इंजिन बंद पडलं. एसीचा आवाज थांबला.

किल्ली आत असेल तर ही गाडी लॉक होतच नाही, असं टायवाला छातीठोकपणे म्हणाला होता.

जयसिंगरावांनी डावं दार ओढलं. मागचं ओढलं. डिकी ओढली. काही हललं नाही. सगळ्या काचा वर होत्या. आत पाच वर्षांची पोर... आणि आत असेल तेवढीच हवा.

"उतरा देवा!" ते काचेवर थापा मारत ओरडले. "बांध आला! उतरा!"

काही झालं नाही.

आरोही रडत नव्हती. पुढच्या सीटकडे बघून तिच्या गप्पा चालल्या होत्या. थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, पुन्हा बोलायची. बाहेर आवाज येत नव्हता. गाडी फार उत्तम दर्जाची होती.

तेवढ्यात शेजारच्या शेतातला विश्राम म्हशी घेऊन आला.

"काय ओ दादा, नव्या गाडीला ढकलताय व्हय?"

"पोरगी अडकलीय आत! फोन लाव दिगूला!"

विश्रामने फोन आभाळाकडे धरला, खाली धरला, म्हशीवर चढून धरला. "रेंज न्हाई. फोडा की काच."

जयसिंगरावांनी बांधावरचा धोंडा उचलला. पुढच्या डाव्या काचेशी गेले. हात वर नेला.

काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली. तोंड अगदी जवळ आणून कोणी श्वास सोडावा तशी. आरोही तर मागे होती.

हात वरच राहिला.

विश्रामने डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं. "पाव्हणं कोण म्हनायचं?"

"तुला... दिसतंय?"

विश्राम एक पाऊल मागे सरला. "न्हाई. उन्हं तोंडावर हायेत. दिसत न्हाई काय." म्हशींना हाकायचं सोडून तो म्हशींच्या मागे जाऊन उभा राहिला.

जयसिंगरावांच्या हातातला धोंडा गळून पडला. हैबतरावांचं बोलणं त्यांना तेव्हा आठवलं. ट्रॅक्टरच्या वेळी सांगितलं होतं, तंबाखू मळता मळता. "जयशा, वाहन सोपवावं. मानूस सोपवू न्हाई. वाहन उतरताना सोडत्यात ते. मानूस..." आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, म्हणून ते उठून गेले होते.

पोरीची राखण करा, असं आपणच म्हणालो. आता ती राखणच चालली होती. आपल्यापासून.

बासष्ट वर्षांचा, कुस्ती खेळलेला माणूस मागच्या काचेशी आला. आत आरोहीचं तोंड लाल व्हायला लागलं होतं. केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं आणि ते रडू लागले.

आरोहीने त्यांना पाहिलं. पट्ट्यातूनच काचेकडे वाकून काहीतरी म्हणाली. त्यांनी तिचे ओठ वाचले.

'आजोबा, मला शू लागली.'

त्यांनी हात हलवले. बेटा, दार उघडत न्हाई.

तिने मान डोलावली. मग पुढच्या सीटकडे वळली आणि, शाळेत बाईंना विचारतात तशी, करंगळी वर केली.

खटाक्.

चारी दारांची लॉक उघडली.

जयसिंगरावांनी तिला अशी उचलली की पट्टाच उपटून येतो की काय. ज्वारीच्या कडेला नेलं. पोर मोकळी झाली. मग परत येऊन त्यांनी पुढचं डावं दार सताड उघडलं. "उतरा देवा. पोच झाली."

पट्टा सुटला... सरसरत आपल्या जागी गेला. सीटवरचा खोलगट खड्डा हळूहळू वर आला. वरचा दिवा विझला.

नारळ फुटला. विश्रामने अर्धा खाल्ला. "ग्वाड हाय," म्हणाला, आणि म्हशी घेऊन जवळजवळ पळतच गेला.

दिग्विजय आणि मेधा आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळं ऐकून दिग्विजय म्हणाला, "पप्पा, सेन्सरचा इश्यू आहे. अपडेट मारला की होईल."

मेधाने लेकीला कुशीत घेतलं, ते निघेपर्यंत सोडलंच नाही.

मोटरसायकल विश्रामच्या गोठ्यात ठेवून सगळे गाडीने निघाले. दिग्विजय चालवायला. शेजारी जयसिंगराव. मागे उजवीकडे मेधा, डावीकडे आपल्या पट्ट्यात आरोही. मधली जागा रिकामी.

शीव ओलांडली. दगड मागे पडला. दिव्यांच्या उजेडात जयसिंगरावांना तो ओझरता दिसला. नेहमीपेक्षा बारका वाटला... घरातलं माणूस गावाला गेल्यावर घर वाटतं तसा.

देवाला गाडीतून उतरवलं, नारळ दिला. पण सोपवलेला माणूस परत कसा मागायचा, ते वडिलांनी सांगितलंच नव्हतं. आणि आता विचारायला ते नव्हते.

पौड आलं. स्टँडवरचे दिवे दिसले. जयसिंगरावांनी जरा पाय सैल सोडले.

टिंग... टिंग... टिंग...

"कृपया सीटबेल्ट लावा."

पडद्यावर लाल चित्र होतं. मागची सीट. मधली.

दिग्विजयने आरशात पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मेधाने डोळे मिटून घेतले. जयसिंगरावांनी हात जोडले.

मागे काहीतरी सरसरलं...

खट्.

टिंगटिंग थांबली.

मग दाराला चेपून बसलेली आरोही, झोपाळलेल्या आवाजात म्हणाली,

"आजोबा, यांना सांगा ना... जरा तिकडे सरकून बसा."