उरेब कापाचा झगा

"झगा कापलाय हो कुणीतरी! आणि उद्या धाकटीचं लग्न आहे," शिंपीणबाई दारातूनच म्हणाल्या.

गुप्तहेर आक्कांनी खुर्ची पुढे केली. शेजारचे कोशकार नेहमीप्रमाणे त्यांच्याच टेबलावर पसारा मांडून बसले होते. ‘बायस’, म्हणजे पूर्वग्रह, या एका इंग्रजी शब्दाने आठवडाभर त्यांना पार पिडलं होतं.

"संशय कुणावर?"

"थोरलीवर." बाईंचे डोळे भरले. "ह्यांच्या पहिल्या बायकोची मुलगी. रांगत होती तेव्हापासून मीच वाढवली, कधी दुजाभाव केला नाही. पण सकाळी झगा पाहिला आणि पहिलं तिचंच नाव मनात आलं. बोलूनही गेले मेली! ती बॅग भरतेय, आक्का. मी खोटी ठरू दे, एवढंच करा."

कोशकारही मागोमाग बाईंच्या दुकानात आले. तिथे रेशमी झगा पुतळ्यावर चढवलेला होता. खालची कड समोरासमोरच्या दोन बाजूंना जमिनीला टेकत होती, बाकीची वर.

"उरेब कापाचा आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे कापड तिरकं धरून कापलेला. असं कापड आपल्याच वजनाने लोंबतं, म्हणून आधी दिवसभर टांगायचं, मग कड सारखी करायची. काल दिवसभर खोळीत टांगला होता, संध्याकाळी कड शिवली आणि पुतळ्यावर चढवला. लोंबायचं ते लोंबून झालं होतं."

"अहो, ‘बायस’ म्हणजे मुळात हेच की!" कोशकार उजळले. "फ्रेंचमधून आलेला शब्द. अर्थ तिरकं. मग मैदानावरच्या खेळातल्या चेंडूला लागला, जो सरळ सोडला तरी एकीकडेच वळतो. तिथून माणसाच्या मनाला."

"पोचलात ना मनापर्यंत? तिथेच थांबा जरा," आक्का म्हणाल्या. त्यांनी आखूड बाजूला कमरेपासून टेप लावली. लांबी ठरवल्याएवढीच भरली. कडेचे टाके बाईंचेच होते, एकही उसवलेला नव्हता.

थोरली बॅग घेऊन आली. "काल मी इथेच मशीनवर होते. झग्याला हात लावला नाही. पंख्याने खोळ सारखी फडफडत होती, म्हणून तिला चिमटा लावला, तेवढंच."

"आईचा राग आलाय?"

"राग नाही. वाईट वाटलं."

धाकटी, म्हणजे नवरी, विचारायच्या आतच उसळली, "ताईने नाही केलं!" तिची बोटं निळ्या खडूने माखली होती. आक्कांची नजर जाताच तिने हात पाठीमागे नेले.

"मला वाटतं, चोर खिडकीतून आला," कोशकार कुजबुजले.

"आणि काही न नेता नुसती कड कापून गेला? चोर कसला, तुमचं डोकं!" आक्का हसल्या. "झगा कुणी कापलाच नाही. आखूड बाजू बरोबर आहेत, टेपने सांगितलं. लांब झाल्यात त्या दुसऱ्या दोन. झगा रात्रीत लोंबला."

"पण दिवसभर टांगला होता ना!" बाई म्हणाल्या.

"टांगलेली होती खोळ. आत एवढा जड झगा असता तर ती पंख्याने फडफडली असती का? काल झगा दिवसभर कुठेतरी सपाट पसरलेला होता. संध्याकाळी खोळीत परत आला, तुम्ही विश्वासाने कड शिवलीत, आणि खरं लोंबणं रात्री पुतळ्यावर झालं. दिवसभर झगा पसरून निळा खडू कोण फिरवत होतं, हे आता नवरीच सांगेल."

धाकटी रडायला लागली. मग माडीवरून कागदाचा साचा घेऊन आली. साचा झग्याचाच होता, फक्त खांद्यात रुंद आणि उंचीला जास्त.

"ताईसाठी," ती म्हणाली. "तिच्या लग्नात तिलाही असाच हवा. मला काय ठाऊक कापड असं दगा देईल! सकाळी आई तिला बोलली तेव्हा माझी जीभच उचलेना. चुकले गं ताई."

"वेडी आहेस," थोरली म्हणाली आणि तिला जवळ घेतलं.

बाईंनी झग्याच्या कडेवरून हात फिरवला. "कापड लोंबतं हे मला ठाऊक, आक्का. माझं मन कुठे लोंबलं ते नाही कळलं."

कोशकारांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आक्कांनी त्यांना कोपराने ढोसलं.

शिंपीणबाईंनी थोरलीच्या हातातली बॅग काढून घेतली आणि खडू दिला. "आता झगा पुरता लोंबलाय. कडेची नवी खूण तू कर, बाळा. आज माझा डोळा सरळ बघत नाहीये."

थोरली गुडघ्यांवर बसली. "आई, टाचण्या धर," ती म्हणाली.