नारिंगीच राहिलं

"तुला हसता येतं का रे?"

विचारलं! मी, अंथुर्ण्याची ज्योत्स्ना, बारावी सायन्स, खरंच विचारलं. पैज साक्षीची होती. आठवडाभर रोज एक थंडगार पेप्सीकोला, तिच्या पैशाने. आणि विचारायचं होतं अविराजला. तो निरवांगीचा, माझ्याच एसटीने बारामतीला यायचा. पण सहा महिन्यांत त्याच्या गालावरची एक रेघ हलली नव्हती.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तो परीक्षानळी उजेडात धरून उभा होता. त्याने सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"येतं. पर कारण लागतं."

"मग कारण मी शोधते की!"

एवढं धाडस कुठून आलं, देव जाणे. दहावीपर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट'सुद्धा पुटपुटायचे. बारावीत मात्र माझं मलाच नवल वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी प्रयोग होता पोटॅशियम डायक्रोमेटचा. गंधकाम्लात मिसळलं की झकास नारिंगी रंग, पिकलेल्या संत्र्यासारखा. त्यात अल्कोहोलचे चार थेंब टाकून नळी गरम केली की अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं आणि नारिंगीचं चक्क हिरवं होतं. अविराज त्या हिरव्या रंगाकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"ज्योत्स्ना," माझं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं, "ह्ये श्वासावर चालंल का?"

"कुणाच्या?"

तो नळीकडेच बघत म्हणाला, "माझ्या बापाच्या."

घरी येताना एसटीत त्याने सगळं सांगितलं. वडिलांचं नाव झुंबर. दिवाळीला त्यांनी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली. दोन महिने बरे गेले. आणि आता पुन्हा चालताना झोकांड्या, बोलताना जीभ जड, तोंडाला वास. त्याची आई रतनकाकू धाकट्या छकुलीला घेऊन कळंबला माहेरी निघून गेली होती.

"म्या त्यांच्याशी बोलायचं सोडलंय. ते म्हनत्यात, प्यालो न्हाय. शपथा घेत्यात. गाव हसतंय."

"आणि तू?"

"मला… मला निस्तं कळाया पायजे."

खिडकीतून उसाच्या तुऱ्यांवरचा वारा येत होता. त्याची बोटं पुढच्या सीटच्या दांड्यावर घट्ट होती. मी माझं एक बोट त्याच्या बोटाशेजारी ठेवलं. लावलं नाही हं… शेजारी.

शनिवारी अर्धा दिवस कॉलेज. टॉनिकच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत लॅबमधलं नारिंगी पाणी घेऊन, रबरी बूच लावून, मी घरी "साक्षीकडे अभ्यास" सांगितलं आणि निरवांगीला उतरले. बाजारातून फुगेही घेतले. फुगा त्यांनी फुगवायचा, मग त्यातली हवा रबरी नळीने बाटलीत सोडायची. म्हणजे तोंडाला ॲसिड लागायची भीती नको. ही माझी अक्कल!

"तू लई डोकेबाज हायस," अविराज म्हणाला.

"आत्ता कळलं?"

झुंबरकाका बाजेवर बसले होते. गाल आत गेलेले, सदरा अंगावर लोंबत होता. शेजारी पाण्याची कळशी. मी अंथुर्ण्याच्या मास्तरांची मुलगी म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, "बस की बाय. पोरगं बोलंना झालंय, तूच बोल."

फुगा हातात घेतला तेव्हा त्यांना हसू आलं. "जत्रेत बी कुनी दिला न्हाय ग मला फुगा." फुगवताना तीनदा थांबले, धापा टाकत. जवळ गेल्यावर मला तो वास आला. गोडसर, झणझणीत. साक्षी नखांचं पॉलिश काढते ना, तसाच. पण माझं लक्ष बाटलीवर होतं.

बुडबुडे निघत राहिले. एक फुगा. दुसरा. तिसरा. अविराज श्वास रोखून बसला होता.

नारिंगी ते नारिंगीच राहिलं.

मग मी खात्रीसाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस नव्या फुग्यात घातला, तो फुगवला आणि ती हवा बाटलीत सोडली. हळूहळू हिरवट झाक चढली. म्हणजे बाटली खरं बोलत होती. काका प्यालेले नव्हते!

"आबा…" अविराजने एवढंच म्हटलं आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. काकांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. मग तो वर बघून हसला. काय सांगू! डाव्या गालाला खळी पडते त्याच्या.

"आबा, काय खानार? सांगा, आज काय बी सांगा."

"तहान लई लागतीया रं. रस आन, गार."

गुऱ्हाळ जवळच होतं. मीच पळत गेले आणि कळशी भरून रस आणला. अविराज ग्लास भरायचा, मी हातात द्यायचे. काका एका दमात पाच ग्लास प्याले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

रविवार मी हवेत होते. आईने दोनदा विचारलं, "एकटीच काय हसतीस ग?"

सोमवारी अविराज उशिरा आला. "आबांनी काल दिसभर उलट्या केल्या. रस बाधला वाटतं. आज डोळं उघडंनात नीट." तेव्हा कुठे मला तो वास आठवला. नखांचं पॉलिश काढतात ते ॲसिटोनच असतं. मी केमिस्ट्रीच्या बाईंना विचारलं, "बाई, श्वासाला ॲसिटोनचा वास आला तर डायक्रोमेट हिरवं होतं का?"

"नाही. ॲसिटोनवर त्याचा परिणाम होत नाही. का?" आणि मग एकदम खडू खाली ठेवून म्हणाल्या, "कुणाच्या श्वासाला? तहान फार लागते त्यांना? वाळलेत? लघवी केली तिथे मुंग्या लागतात?"

अविराज पांढराफटक पडला. मुंग्या लागत होत्या.

"मधुमेह आहे तो! साखर फार वाढली की श्वासाला असा वास येतो, माणूस प्याल्यासारखा झोकांड्या खातो. पळा, दवाखान्यात न्या आधी."

आम्ही निरवांगीला पळालो. शेजाऱ्यांच्या जीपमधून काकांना बारामतीला आणेस्तोवर दुपार झाली. डॉक्टरांनी शर्थ केली. चार वाजता ते बाहेर आले आणि त्यांनी अविराजच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन दिवस आधी आणलं असतं तर… आणि वर तो रस."

दोन दिवस. शनिवारी वास माझ्या नाकात होता. मी पास-नापास बघत बसले, आजारी माणूस बघितलाच नाही.

मातीला मी गेले नाही, कशी जाणार? पण पाचव्या दिवशी अविराज अंथुर्ण्याच्या स्टँडवर उभा होता. मी समोर जाऊन एका दमात बोलून टाकलं, "रस मी आणला होता."

"आन ओतला म्या."

"माझ्यावर चिडला न्हाईस?"

"चिडलो तर राहील कोन मला?" त्याचे डोळे लाल होते. "महिनाभर म्या बापाशी एक शबूद बोललो न्हवतो. तुझ्यामुळं दोन दिस बोललो, ज्योत्स्ना. तेवढंच हाय माझ्याजवळ. आन… तू. पर ह्ये बोलायची ही येळ न्हाय."

"न्हाय," मी म्हटलं. "पण ऐकलं मी."

मग त्याने पुढचं सांगितलं. मातीच्या वेळी त्याचा चुलता म्हस्कू चारचौघांत म्हणाला, 'बाटलीनं नेला.' रतनकाकूंनी पदर तोंडात कोंबला आणि मान खाली घातली. अविराज ओरडून सांगत होता, आबा प्यालेले नव्हते, साखरेनं गेले. तर लोक म्हणाले, पोरगं बापाचं झाकतंय. "आई बी तेच म्हनली. डागदराचा कागद वाचून दावला, तर म्हनती, साखर बी दारूनंच झाली आसंल. शेवटच्या दिवसांत बापानं शब्द पाळला, ह्ये तिला कोन सांगनार?"

काका आणि अविराजखेरीज ती नारिंगी बाटली बघणारं माणूस एकच होतं, मी.

त्या रात्री जेवणाआधी पप्पा पेपर वाचत होते, आई भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि शनिवारपासूनचं सगळं सांगितलं. साक्षीकडे गेले नव्हते, तेही. आईचा हात पिठात थांबला.

"त्या पोराबरं? घरात? दुसरं कुनी न्हवतं?"

"काका होते, आई."

पप्पांनी पेपरची घडी घातली. "त्यांच्या भावकीत तू उभी राहून बोलणार? आपण कोण, ते कोण, माहीत आहे ना? उद्या दोन्ही गावं तुझ्यावर बोलतील. बारावीचं वर्ष आहे, ज्योती."

"माहीत आहे, पप्पा."

"आन त्यो पोरगा?" आईने हळूच विचारलं.

"मला आवडतो," मी म्हणाले. "पण मी त्याच्यासाठी जात नाही. दहाव्याला निरवांगीला सगळी जमणार आहेत. मी त्यांच्यासमोर रतनकाकूंना सांगणार आहे, की झुंबरकाका प्यालेले नव्हते, मी स्वतः तपासलं. आणि रस मी आणला, हेही सांगणार आहे. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर जाईन. नाही आलात तर सकाळच्या सातच्या एसटीने एकटी जाईन."