झाकून ठेवलेली गल्ली

आयुष्यात मी ज्या पुरुषाला पहिल्यांदा धडक दिली, त्याच्या हातात उसाच्या रसाचा मोठा ग्लास होता. रविवारची सकाळ, ईस्ट कोस्टची समुद्राकाठची वाट, आणि भाड्याच्या सायकलवर मी. वय एकोणतीस, ब्रेक कुठे असतो ते माहीत, पण ऐन वेळी दाबायचं सुचत नाही. रस त्याच्या शर्टावर गेला आणि मी त्याच्या पायाशी बसले.

"आई गं, मेले," मी म्हणाले.

"नाही मेलात," या परक्या देशात तो चक्क मराठीत म्हणाला. "गुडघा खरचटलाय फक्त."

नाव संग्राम, पण आवाज इतका हळू की अर्धं बोलणं वारा घेऊन जायचा. तो जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. सध्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला दादाच्या फ्लॅटवर, पुढच्या जहाजाच्या बोलावण्याची वाट बघत होता. चिकट शर्टानेच त्याने माझी सायकल उभी केली.

"या वयात सायकल का शिकताय?"

"सहा आठवड्यांनी फेराराला जायचंय. इटलीत. पाच दिवस सायकलवरून शहर बघायची सहल आहे."

"आणि सहलवाल्यांना माहितीये, तुम्हाला येत नाही ते?"

मी समुद्राकडे बघितलं. सुलेखा – माझी मैत्रीण – 'मी शिकवते तुला' म्हणाली होती, म्हणून फॉर्मवर 'सायकल येते' पुढे मी बिनदिक्कत खूण केली. मग तिचं लग्न ठरलं आणि ती सहलीतून गळाली. खूण मात्र तशीच राहिली. बँकेत लोकांचे कागद तपासून त्यातलं खोटं शोधायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते असं.

"फेरारा..." तो हसला. "मी गेलोय की. जवळच्या रावेन्ना बंदराला जहाज लागलं होतं. चार तास सुट्टी मिळाली. सायकल घेतली आणि शहर पालथं घातलं."

पुढच्या रविवारी तो आला तो फेराराचा हाताने काढलेला नकाशा घेऊन. मला सायकलवर बसवलं, मागे कॅरिअर धरला आणि म्हणाला, "चाकाकडे नको बघू. समोर बघ. तो पावसाचा आडोसा दिसतोय ना, तो किल्ला. लाल विटांचा, चारी बाजूंनी खंदक."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्याला कळलं नाही. मला कळलं.

मग दर रविवारी आम्ही फेराराला जायला लागलो. सुरूची झाडं म्हणजे शहराच्या तटबंदीवरची झाडं. खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर म्हणजे कॅथेड्रलचा चौक, तिथे थांबून कॉफी प्यायची. बेडोकच्या जेट्टीपाशी तट संपायचा. मागून त्याचा हळू आवाज यायचा – "आता डावीकडे हिऱ्यांसारख्या टोकदार दगडांचा महाल" – आणि मला खरंच तो दिसायचा. सकाळचं ऊन, दूर नांगर टाकून उभी असलेली जहाजं, कॅरिअरवर त्याचा हात. मला शिकायची घाई उरली नव्हती, हे मी कबूल करते.

"आणि ही कमानींची गल्ली," एका अरुंद वळणावर तो म्हणाला. "डोक्यावर कमानीमागून कमानी. सावली, गारवा... सायकल अशी लोण्यासारखी चालते."

"लोण्यासारखी?"

"लोण्यासारखी."

मी समोर बघितलं. वळण घेतलं.

चौथ्या रविवारी मी बरंच अंतर गेल्यावर मागे वळून बघितलं, तर तो लांब उभा होता, दोन्ही हात खिशात. कॅरिअर त्याने कधीच सोडला होता. मी पडले नाही. पण आता शिकवायचं कारणच संपलं होतं.

"ब्रेक नीट येत नाहीत अजून," मी परत येऊन म्हणाले.

"अजिबात येत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू."

पाचव्या रविवारी आभाळ एकदम फाटलं. आम्ही धावत किल्ल्यात शिरलो, म्हणजे त्या आडोशात. चारी बाजूंनी पाणी वाहत होतं. मी म्हणाले, "खंदक भरला." तो हसला नाही.

"बोलावणं आलंय," तो म्हणाला. "बुधवारी जहाज. चार महिने."

मी ओढणी पिळत राहिले. ती आधीच पिळून झाली होती.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "मधुवंती, मी... मी फेराराला गेलेलोच नाही. जहाज रावेन्नाला लागलं होतं, ते खरं. चार तास सुट्टी होती, तेही खरं. मी नकाशा पाठ केला होता, पण ऐन वेळी पंप बिघडला. ते चार तास मी इंजिन रूममध्ये काढले. तू फेरारा म्हणालीस, आणि तोंडातून निघून गेलं. मग खरं सांगितलं तर तू येणार नाहीस असं वाटलं."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या रविवारपासून. कमानींच्या गल्लीत गोटे बसवलेत, संग्राम. नदीतले गोल गोटे. जो जातो तो लिहितो, सायकलवर दात वाजतात म्हणून. आणि तू म्हणे लोणी."

त्याचे कान लाल झाले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू आला असतास का परत?"

पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की पुढचं मला मोठ्याने म्हणावं लागलं. "मला तू आवडतोस. मी सहल पुढे ढकलते. तू आलास की जाऊ."

त्याने माझा ओला हात धरला, पण मान हलवली. "नको. माझे बाबाही जहाजावर होते. आईचं सगळं 'बाबा आले की'वर असायचं. सहल, नवे पडदे, तिचा शिवणाचा क्लास. तू मला इतकी आवडतेस ना, की तुझं तसं झालेलं मला बघवणार नाही. तू जा. माझ्यासाठी काही अडवू नकोस."

बुधवारी तो गेला. नंतर मीही गेले.

किल्ला त्याने सांगितला तसाच लाल निघाला. खंदकात खरंच पाणी होतं. तटावरून मी एकटी सायकल चालवली, वाऱ्यावर, एकदाही न पडता, आणि मागे कुणी नसताना दोनदा डावीकडे वळायचं आहे का ते विचारलं. त्याचा नकाशा गल्लीगणिक बरोबर होता.

चार महिन्यांनी, एका रविवारी, ईस्ट कोस्टच्या त्याच वाटेवर एक माणूस उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन मधोमध उभा होता. मी ब्रेक दाबला. सायकल त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"आले की ब्रेक," तो म्हणाला. तो काळवंडला होता, आणि माझ्याकडे नीट बघायला लाजत होता. "गल्ली कशी होती? कमानींची?"

"माहीत नाही. गेले नाही."

"पाच दिवसांत एकदाही?"

"रोज तोंडापर्यंत जायचे. तिथून वळायचे."

त्याचा चेहरा उतरला. "मी म्हणालो होतो ना, माझ्यासाठी काही अडवू नकोस."

"अडवलं कुठे? अख्खं शहर बघितलं मी. पोटभर. आपल्याकडे कुणाला यायला उशीर होणार असेल तर बाकीचे जेवून घेतात, आणि त्याचं ताट झाकून ठेवतात. तेवढंच केलंय."

त्याच्या दोन्ही हातांत ग्लास, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. मग म्हणाला, "पण मला गोट्यांवरून सायकल चालवता येत नाही."

मी त्याच्या हातातला एक ग्लास घेतला.

"तू चालव," मी म्हणाले. "मागून मी धरते."