मागून म्हणणारी

रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून हर्षद रामवाडीतल्या घरी पोचला, तर त्याच्या वेबसाइटवरून आईचं गाणं उडालेलं! कुणीतरी कॉपीराइटची तक्रार केली होती म्हणे. अहो, त्याची आई धोंडुबाई म्हणजे पेणच्या गावोगावी लग्नांत धवले गाणारी धवलारीण. गळा तिचा, गाणं तिचं. हा तक्रारवाला आला कुठून? आई जाऊन वर्ष झालं होतं आणि साइटवरच्या रेकॉर्डिंगांत होती तेवढीच आता उरली होती. उत्तर दिलं नाही, तर सगळी साइटच बंद होणार होती.

त्याने तक्रारीची प्रत मागवली. चार दिवसांनी आली, ती चहा पिता पिता उघडली.

तक्रारदार: मैना पुंडलिक पाटील. गाण्याशी संबंध: मागून म्हणणारी. तक्रार: माझा आवाज कापला.

मैना त्याची धाकटी बहीण. सात वर्षांची असताना धरमतरच्या खाडीत बुडाली, त्याला तीस वर्षं झाली.

हर्षदचं डोकंच फिरलं. त्याने चुलतभावाला फोन लावला. "निलेश, ही कसली मस्करी रे?"

"आईशप्पथ, मी नाय केलं, दादा. मैनाच्या नावाने मस्करी करीन व्हय मी?"

तक्रारीत पुढे लिहिलं होतं: पहिल्या ओळीनंतर सहा सेकंद कापले, दुसरीनंतर सात. सगळं बरोबर होतं. आई एक ओळ म्हणायची आणि थांबायची. पूर्वी ती ओळ मैना उचलायची. पोर गेल्यावरही आईने थांबणं सोडलं नाही. हर्षदला त्या जागा रिकाम्या वाटल्या, म्हणून त्याने त्या काढून टाकल्या होत्या. कुणाला सांगितलंही नव्हतं.

जुन्या मोबाइलमधलं अख्खं गाणं त्याने लावलं. आई थांबली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. त्याला रडू आवरेना. आई कुणासाठी थांबते, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं.

त्याची बायको सुरभी हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"आईंच्या मागून ही कोण पोर गातेय हो? किती गोड!"

हर्षदने आवाज वाढवला. टिकटिक.

"मला नाय ऐकू येत गो."

गाणं संपलं. सुरभी अजून कान देऊन उभी होती.

"आता काय म्हणतेय?" हर्षदने विचारलं.

"आता गात नाय. 'दादा, थांब ना' म्हणतेय."

बुडाली त्या दिवशी खाडीच्या बांधावर मैनाने मागून हाक मारली होती, ती हीच. हर्षदने ती ऐकली होती, आणि तो थांबला नव्हता. हे त्याने आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.