कोरडी तार

सिंदी रेल्वे या गावातल्या ताराचंदजींच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एक उंच, सावळा तरुण शिरला आणि त्याने काउंटरवर जळक्या वायरींचं भेंडोळं ठेवलं. ताराचंदजी जेवायला गेले होते. काउंटरवर त्यांची मुलगी रक्षा होती.

"वाइंडिंगवाले भाऊ कुठं हायेत?"

"मीच हाय. बोला."

तो गडबडला. नाव रोशन. सेलूपलीकडच्या धरणात मासेमारी करायचा. होडीला त्याने हौसेने बॅटरीवरची मोटर बसवली होती. गेल्या आठवड्यात भर पाण्यात वायरींतून धूर निघाला, तेव्हा होडीत त्याची आई होती. त्याने वल्हवत काठ गाठला. पण माय आता होडीत पाय ठेवायला तयार नव्हती.

रक्षाने एक जोड सोलला. आतलं तांबं हिरवं पडलेलं.

"नुसती टेप गुंडाळली व्हय?"

"दोन पदर!"

"टेप पाणी अडवत नाई... आत कोंडून ठेवते."

तो मोकळं हसला. रक्षाला पुन्हा वायरीकडे बघायला जरा वेळच लागला.

रविवारी ती स्वतः धरणावर गेली. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. पूर्वी होडीच्या तळाच्या पाण्यात लोळायच्या त्या वायरी आता नव्या घेऊन वर, होडीच्या कडेखालून पाईपातून नेल्या. प्रत्येक जोडावर प्लास्टिकची नळी चढवून ती लायटरच्या आचेने आकसवली, टोकांना ग्रीस लावलं. लायटर रोशनच्या हातात होता.

"ध्यान कुठं हाय तुमचं? लायटर विझला."

"नळीकडंच हाय ना..."

"विझल्यावरबी?"

मग दोघं पाण्यावर निघाली. रक्षा आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या पाण्याच्या मध्यावर आली होती. मोटर मांजरीसारखी गुरगुरत होती. समोरच्या उथळ पाण्यात शेकडो करडे हंस बसलेले – डोक्यावर दोन-दोन काळे पट्टे. ते एकदम उठले. आभाळ पंखांनी भरून गेलं. रक्षा मान वर करून बघतच राहिली.

"हिमालय वलांडून येतात," रोशन हळूच म्हणाला.

तेवढ्यात वारा फिरला. एक लाट होडीत चढली, थेट जोडांवर. मोटर बंद करायला रोशनचा हात बटणाकडे झेपावला. रक्षाने त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या. चालू द्या."

धूर नाही. ठिणगी नाही. मोटर चालतच राहिली. रोशन डोळे विस्फारून कधी त्या ओल्या जोडांकडे, कधी तिच्याकडे बघत होता.

"उद्या मायले बसवतो," तो म्हणाला.

मनगट अजून तिच्या हातातच होतं... दोघांनाही ते ठाऊक होतं.

रक्षाचा फोन वाजला. ताराचंदजी.

"रक्षा, काम झालं नाई का अजून?"

"झालं, बाबा. केव्हाचंच."

"मंग काऊन थांबली?"

तिने रोशनकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. हंस अजून डोक्यावर घिरट्या घालत होते.

"रोशनसाठी," ती म्हणाली. "घरी येऊन सांगते, बाबा... सगळं सांगते."

 पलीकडे ताराचंदजी खाकरले. "बरं. त्याले घेऊनच येजो."

फोनमधलं ते ऐकून रोशनच्या हातून सुकाणू सुटलं, आणि भर धरणात होडी गोल गोल फिरू लागली.