उदाहरणातली चांदणी

जेसल पार्कच्या अभ्यासिकेत खिडकीशी सॉकेट एकच. मी चार्जर पुढे केला, तेवढ्यात दुसरा हातही आला... सावळा, बोटांवर खडूची पूड.

"तुम्ही लावा. माझा मोबाइल भरलेला आहे," तो म्हणाला. खोटं. त्याची स्क्रीन केव्हाच काळी पडली होती.

तो भूपेश. काशीगावचा. आजोबांची मिठागरं, हा ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. पोरांसाठी सरावाची वही लिहीत होता, पण अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. टाइप करून देते, असं मीच म्हणाले. मग रोज खालच्या बेकरीतला बाक, दोन चहा, चार पानं. आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, जे बोलायचं ते विधेय, हे त्यानंच शिकवलं. आणि त्याच्या पानोपानी उद्देश्य एकच. चांदणी हट्टी आहे. चांदणी खारी चहात बुडवते आणि विसरते. चांदणी रागावली की गुणगुणते.

इतकं बारीक पाहिलंय तिला? न पाहिलेली सवत माझ्याच बोटांनी रोज नटत होती. कोण ही, विचारलं तर हसून म्हणाला, नाव काय, कुठलंही चाललं असतं.

त्या संध्याकाळी चाळिसावं वाक्य आलं : 'चांदणीवर एकाचं प्रेम आहे.' मी लॅपटॉप मिटला. ओठांतल्या ओठांत सूर आला, शब्द मनातच —

चांदणी गं सवतीबाई, ओळीच्या दारी बसलीस आधी
मी उभी गं पाठीमागं, माझी पाळी येईल कधी

"काय झालं?" त्यानं विचारलं.

रागात मी पुन्हा 'तुम्ही'वर गेले. "तुमच्या चांदणीलाच सांगा ना टाइप करायला."

"तिलाच तर सांगितलंय —"

मी कपात पाहिलं. खारीचा लगदा झाला होता.

"रसिका, तू नुसतं नावच वाचत बसलीस. पुढचं कुणाचंय, ते बघ की."

हट्टी. खारी. गुणगुणणं... माझे कान तापले. "मग माझं नाव का नाही लिहिलंस?"

तो खडूची बोटं रुमालाला पुसत राहिला. अस्सल काशीगावचा होऊन म्हणाला, "साठ पोरं मोठ्यानं वाचतात वर्गात. तुजं नाव त्यांच्या तोंडी... मना न्हाय सोसत."

म्हणजे इतके दिवस मी एकटीच जळत नव्हते.

मी लॅपटॉप उघडला. एकेचाळिसावं वाक्य टाइप केलं : 'चांदणीचंही त्याच्यावर आहे.'

"हे छापायचं नाही," मी म्हटलं.