हिरव्या पाण्यातली उपासमार

चैतालीसमोर काचेच्या दोन बरण्या होत्या. दोन्हींत सहा दिवसांपूर्वी एकाच टाकीतलं पाणी भरलं होतं आणि प्रत्येकीत मोजून वीस पाणपिसवा (पाण्यात टुणटुण उड्या मारत पोहणारे, मोहरीच्या दाण्याहून लहान जीव) सोडल्या होत्या. पहिली बरणी दिव्याखाली होती. तिचं पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं झालं होतं. दुसरी ती टेबलाखाली विसरली होती आणि कुणीतरी वर पोतं टाकलं होतं. तिचं पाणी फिकट, जेमतेम हिरवट.

पाणपिसवा शेवाळ खातात. पाण्याला हिरवा रंग येतो तो याच सूक्ष्म शेवाळाचा. म्हणजे हिरव्यागार बरणीत त्या भरपूर वाढायला हव्या होत्या. तिथे उरल्या होत्या नऊ, त्याही मरगळलेल्या. टेबलाखालच्या बरणीत मात्र ती मोजत गेली आणि साठ झाल्यावर थांबली.

"आई, हे बघ ना."

"चैताली, आत्ता नको," आई म्हणाली. तिचं लक्ष टाकीकडे होतं.

आईचंही बरोबर होतं. सन २०६८च्या त्या वर्षी पांगडोहचा तलाव सलग दुसऱ्यांदा आटला होता. तलावातला जुना कटला मासा जवळजवळ संपला होता. उरलेल्या चार माद्यांची अंडी काढून बायकांच्या संस्थेने काचघरातल्या मोठ्या टाकीत तीन लाख जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) सोडले होते. आज बारावा दिवस. पिल्लं तांदळाच्या दाण्याएवढी झाली होती, पण पोटं खपाटीला गेली होती आणि रोज हजारो मरत होती. पेंडीची भुकटी टाकून पाहिली, तर ती तळाला जाऊन कुजायला लागली. माद्या म्हाताऱ्या होत्या. पुढच्या वर्षी त्या अंडी देतील याची खात्री नव्हती.

टाकीत एक पिवळं यंत्र डुलत फिरत होतं. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, म्हणून बायका त्याला पाणकोंबडी म्हणायच्या. पाण्याची तपासणी करणं हे तिचं काम.

"शेवाळ कालपेक्षा बारा टक्के जास्त," पाणकोंबडी म्हणाली. "अन्न भरपूर आहे."

"भरपूर आहे तर पोरं मरतात कशी गं?" वर्षाआजी म्हणाली. वर्षाआजी म्हणजे चैतालीच्या वारलेल्या आजीची धाकटी बहीण. ती कोपऱ्यात बसून जाळं विणत होती.

"ते मला विचारलेलं नाही."

"दोन दिवे अजून लावते," आई म्हणाली. गेला आठवडाभर ती हेच करत होती. पिल्लं पाणपिसवा खातात, पाणपिसवा शेवाळ खातात, शेवाळ उजेडावर वाढतं. म्हणून उजेड वाढवायचा.

चैताली दोन्ही बरण्या घेऊन बाहेर पडली आणि थेट आजोबांकडे गेली. गुणवंत दिघोरे म्हणजे तिच्या आईचे वडील. त्यांनी तीस वर्षं तलावांच्या पाण्याचा अभ्यास केला होता. सात महिन्यांपूर्वी आजी गेली, तेव्हापासून ते काचघराकडे फिरकले नव्हते. त्यांनी बरण्या उजेडात धरून पाहिल्या. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या आणि पायात चपला घातल्या.

काचघरात आल्यावर त्यांनी आईला बरण्या दाखवल्या.

"बाबा, बरणीत मासे नाहीत," आई म्हणाली. "खायला कुणी नाही म्हणून पिसवा वाढल्या असतील."

"मासे दोन्ही बरण्यांत नाहीत," चैताली म्हणाली. "मग हिरव्या बरणीत का नाही वाढल्या?"

आईने दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"पाणकोंबडी," आजोबा म्हणाले, "दोन्हींतलं शेवाळ तपास. किती आहे ते नको. त्यात काय आहे ते सांग. स्फुरदाच्या एका कणामागे कर्बाचे कण किती?"

पाणकोंबडीने दोन्ही बरण्यांतलं थोडं थोडं पाणी ओढून घेतलं. "हिरव्या बरणीत सहाशे वीस. फिकट बरणीत एकशे चाळीस. टाकीत सहाशे ऐंशी."

"हे आधी का नाही सांगितलं?" आईने विचारलं.

"मला हिरवेपणा मोजायला सांगितलं होतं."

आजोबा वर्षाआजीशेजारी जमिनीवर बसले. "चैताली, तुझ्या वर्षाआजीकडे वीस जाळ्यांचा दोरा आहे. पण जाळं बुडायला शिशाच्या गोळ्या लागतात, आणि त्या चारच जाळ्यांपुरत्या आहेत. जाळी किती होतील?"

"चार."

"अजून दोरा आणून दिला तर?"

"चारच. दोऱ्याचा ढीग होईल."

"तसंच आहे. कर्ब (कोळशात असतो तोच) म्हणजे दोरा. शेवाळ उजेडाच्या मदतीने तो हवेतून घेतं आणि त्याची साखर, पीठ बनवतं. स्फुरद (शेतकरी खतातून देतात तोच) म्हणजे गोळ्या. तो उजेडातून येत नाही. पाण्यात असेल तेवढाच. जे सगळ्यात कमी पडतं, त्यावर वाढ अडते. दिवे वाढवले की शेवाळ पिठाने फुगतं. स्फुरद तेवढाच राहतो, तो जास्त शेवाळात वाटला जातो. मग पाणपिसवेच्या एका घासात पीठ भरपूर आणि स्फुरद नावाला. तिला नवीन पेशी आणि अंडी बनवायला स्फुरद लागतो. तीनशेच्या वर आकडा गेला की तिची वाढ खुंटायला लागते. नको असलेला कर्ब बाहेर टाकण्यातच तिची ताकद जाते."

"म्हणजे पोट भरलेलं आणि अंगात काही नाही," वर्षाआजी दोऱ्याला गाठ मारत म्हणाली. "तुमच्यासारखंच, भाऊजी. ताई गेल्यापासून नुसता भात आणि मीठ. दोन वेळा पोटभर, आणि जिना चढताना दोनदा बसता."

चैतालीला वाटलं, आजोबा रागावतील.

"हो," ते म्हणाले. "तसंच."

"मग स्फुरद टाकू या," आई म्हणाली. "पूर्वी आपण तळ्यात शेण टाकायचोच की. काचघर झालं आणि स्वच्छ राहावं म्हणून बंद केलं."

"टाकायचंय, पण थोडं, आणि नंतर. शेण कुजून कामाला यायला आठवडा जातो. तेवढा वेळ पिल्लांकडे नाही. शिवाय एवढ्या उजेडात शेवाळच बेसुमार माजेल आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू संपेल. आधी दिवे बंद कर. टाकी पोत्यांनी झाक, आत थोडा उजेड जाईल एवढीच. पीठ कमी झालं की घासातला स्फुरदाचा वाटा वाढेल."

वर्षाआजीचा हात थांबला. "उपाशी लेकरापुढचं ताट उचलून न्यायला सांगता होय?"

आई टाकीच्या काठाशी उभी राहिली. काही पिल्लं उलटी तरंगत होती. दिवे बंद केले की शेवाळही कमी होणार होतं, आणि आजोबा चुकले तर हातात काहीच उरणार नव्हतं. तिने फिकट बरणी उचलली. आतल्या एका पाणपिसवेच्या पारदर्शक पाठीत सहा अंडी स्पष्ट दिसत होती.

"पोती आण, चैताली," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी फिकट झालं आणि आई टाकीपासून हलली नाही. तिसऱ्या दिवशी पाणकोंबडीने आकडा सांगितला, दोनशे सत्तर. चौथ्या सकाळी चैतालीने पोत्याची कड उचलली, तर पाण्यात जणू कुणी रवा उधळला होता. तो रवा उड्या मारत होता. कटल्याची पिल्लं त्यातून तोंड उघडून फिरत होती, आणि त्यांच्या आरपार दिसणाऱ्या पोटांत काळसर ठिपका होता.

"पोट भरलंय," चैताली म्हणाली. "आई, यांची पोटं भरलीत."

आईने वाकून पाहिलं. मग ती तिथेच ओल्या जमिनीवर बसली आणि हसायला लागली. वर्षाआजीने तिच्या हातात चहा दिला, तरी तिचं हसू थांबेना.

"एक समजलं नाही," चैताली म्हणाली. "मागच्या आठवड्यातही टाकीत बारीक जीव दिसत होते. लांब मिशांचे. पिल्लं ते का खात नव्हती?"

"ते वेगळे," आजोबा म्हणाले. "सावकाश वाढतात, म्हणून त्यांना स्फुरद कमी पुरतो. अन्न निकस झालं की पिसवा मागे पडतात आणि मिशीवाले टिकतात. पण ते असे झटकन उडी मारून पळतात की एवढ्याशा पिल्लाला सापडत नाहीत. शिवाय पिसवा कमी झाल्या की शेवाळ खायला कुणी राहत नाही, पाणी आणखी हिरवं होतं. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना प्लवक म्हणतात. त्यांच्या वस्तीत कोण राहणार आणि कोण जाणार, हे नुसतं अन्न किती आहे यावर ठरत नाही. ते कसं आहे यावरही ठरतं."

"पिल्लं किती उरली?" आईने विचारलं.

"दोन लाख दहा हजार, थोडं इकडेतिकडे," पाणकोंबडी म्हणाली. "काल दुपारपासून मेलेलं पिल्लू आढळलेलं नाही."

"म्हणजे नव्वद हजार गेले," चैताली म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

आजोबांनी पोत्याची कड पुन्हा नीट केली. "गेले," ते म्हणाले. "जे आहेत त्यांना नीट खाऊ घालू."

मग शेणाचं पाणी किती आणि कधी टाकायचं, यावर आई आणि वर्षाआजीचा वाद सुरू झाला. आजोबांनी कागद मागितला. तो दिवस संपेपर्यंत ते काचघरातच होते.

दोन महिन्यांनी तलाव अर्धा भरला होता. कटल्याची पिल्लं बोटाएवढी झाली होती. त्यांना आता बोटुकली म्हणायचं, हे चैतालीने पाणकोंबडीला शिकवलं. सोडण्याच्या आदल्या दिवशी आजोबा तिला नावेतून तलावाच्या मधोमध घेऊन गेले आणि पाण्याची तपासणी झाली. आकडा आला एकशे नव्वद.

"चांगला आहे?" चैतालीने विचारलं.

"तूच सांग."

"तीनशेच्या खाली आहे. पिसवा वाढतील." तिने थोडा विचार केला. "पण उन्हाळ्यात पाणी उतरेल, ऊन वाढेल. तेव्हा पुन्हा बघावं लागेल. आणि दुसऱ्या तलावांतही."

"बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी पिशव्या पाण्यात बुडवून हळूच तोंडं सोडली. बोटुकल्या क्षणभर पिशवीतच थांबल्या. मग एक बाहेर आली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळ्या खोल पाण्यात गेल्या. आई गुडघाभर पाण्यात उभी होती. पिशवी रिकामी झाली, तरी तिने ती कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली होती.